गावच्या घरातला फोन आणि बँकेचं खातं: आई-बाबांसाठी एका मुक्कामात करून ठेवायची कामं

गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी गेलात की घरची बरीच कामं वाट बघत असतात. कौलं शाकारायची असतात, बागेतलं रान काढायचं असतं, लाइट बिल भरायचं असतं. त्यात आता आणखी एक काम आलंय. आई-बाबांचा फोन आणि त्याला जोडलेलं बँकेचं खातं नीट लावून देणं. मुलं मुंबईत, पुण्यात, आखातात. गावी दोघंच, कधी एकटीच आई. हातात स्मार्टफोन आहे, खात्यात पेन्शन किंवा आंब्या-काजूचे पैसे आहेत, आणि दुपारी फोन वाजला तर शेजारी बसून ‘ठेव तो फोन’ म्हणणारं कोणी नाही. फसवणाऱ्याला नेमकी हीच परिस्थिती हवी असते.

हा लेख त्या मुलांसाठी, सुनांसाठी, नातवंडांसाठी आहे. ज्येष्ठ मंडळी स्वतः वाचून करणार असतील तर फारच चांगलं, पायऱ्या त्याच आहेत.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. फसवणुकीचे सगळे प्रकार आईला पाठ करायला लावून काही होत नाही. प्रकार दर महिन्याला बदलतात, आणि घाबरलेल्या माणसाला पाठ केलेलं आठवत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी साधा. पहिली, एका चुकीत सगळे पैसे जाणार नाहीत अशी खात्यांची मांडणी. दुसरी, चूक झालीच तर ती लपवली न जाता पहिल्या तासात तुमच्यापर्यंत पोचेल असं घरातलं वातावरण. बाकी सगळं यानंतर.

कामाला मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी लागा. निघायच्या आदल्या रात्री फोन बदलून ठेवलात तर तुम्ही गाडीत बसल्यावर ‘ते चित्र कुठे गेलं?’ असे फोन येतील, आणि मग कोणीतरी वाडीतला पोरगा सगळं पूर्ववत करून देईल.

काय काय जवळ हवं

- आई-बाबांचे फोन, चार्जर, आणि दोन-तीन तास
- सगळ्या बँकांची व पोस्टाची पासबुकं, एटीएम कार्डं, मुदत ठेवींच्या पावत्या
- आधार कार्ड, पॅन कार्ड, आणि आधारला जोडलेलं सिम ज्या फोनमध्ये आहे तो फोन
- शाखेत जायला कामाचा दिवस (दुसरा व चौथा शनिवार सोडून)
- एक जाड पुठ्ठ्याची वही आणि जाड टोकाचं पेन

तुमच्या घरी रेंज फक्त सड्यावर किंवा पुलाजवळ येत असेल तर ओटीपी लागणारी कामं एकत्र काढून तिथेच बसून करा. अर्ध्यावर ओटीपी न आल्यामुळे सोडून दिलेलं काम पुन्हा हातात घेतलं जात नाही.

१. आधी पैसा कुठे आहे आणि मेसेज कुठे जातो ते बघा

सगळी पासबुकं जमिनीवर मांडा. प्रत्येक खात्याला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते शोधा. कोकणातल्या घरांत इथेच गोंधळ सापडतो. एका खात्याला मुंबईतल्या मुलाचा नंबर असतो, दुसऱ्याला कधीच बंद पडलेलं सिम, तिसऱ्याला पतसंस्थेच्या एजंटाने स्वतःचाच टाकलेला.

बंद पडलेला नंबर सगळ्यात धोक्याचा. रिचार्ज न केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि तुमच्या बाबांच्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जायला लागतात. शाखेत जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. हे काम फोनवरून कोणी करून देत असेल तर तो बँकेचा माणूस नाही.

मुलाचा नंबर जोडावा की आईचा? आईचाच जोडा. पैसे गेल्याचं कळणं आणि तक्रार करणं तिच्या फोनवरून होणार आहे. तुम्हालाही कळायला हवं असेल तर खात्याला ईमेल जोडून घ्या आणि तो ईमेल तुमच्या फोनवर चालू ठेवा.

आणखी एक तपासणी: केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नाही’ अशी नोंद करता येते.

२. खाती वेगळी करा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

पेन्शन, विक्रीचे पैसे, शिल्लक जिथे आहे त्या खात्याला यूपीआय नको, नेट बँकिंग नको, शक्य असेल तर एटीएम कार्डही नको. पैसे काढायला शाखेत जायचं. रोजच्या वापरासाठी दुसरं लहान खातं ठेवा, आणि फोनमधलं यूपीआय फक्त त्यालाच जोडा. त्यात महिन्याचा किराणा, औषधं, रिक्षा भागेल एवढेच पैसे. बहुतेक घरांना पाच ते दहा हजार पुरतात. संपले की शाखेतून किंवा तुमच्या खात्यातून भरायचे. समोरच्याने कितीही गोड बोलून पिन काढून घेतला तरी जाणार ते तेवढेच.

कार्ड ठेवायचंच असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून ऑनलाइन वापर आणि परदेशातला वापर बंद करून घ्या. एटीएममधून दिवसाला काढायची मर्यादाही गरजेपुरती खाली आणा.

मुदत ठेवींकडे विशेष लक्ष द्या. मोठ्या फसवणुकीत माणूस स्वतः शाखेत जाऊन ठेव मोडतो आणि स्वतःच्या सहीने पैसे पाठवतो. कारण फोनवरच्या ‘अधिकाऱ्याने’ तसं सांगितलेलं असतं. त्यामुळे मोठ्या ठेवी संयुक्त नावाने, दोघांच्याही सह्या लागतील अशा ठेवाव्यात. याचा तोटाही समजून घ्या: अचानक दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि दुसरा सहीवाला मुंबईत असला तर पैसे अडकतात. म्हणून एक ठेव फक्त आई-बाबांच्याच हातात राहू द्या, दवाखान्यापुरती.

यूपीआयचा आणखी एक मार्ग आहे, ‘यूपीआय सर्कल’. भीमसारख्या काही अ‍ॅपमध्ये ही सोय आहे. यात मूळ खातं तुमचं असतं आणि आई तुमच्या वतीने दुकानात कोड स्कॅन करून पैसे देते. एका प्रकारात प्रत्येक वेळी तुमच्या फोनवर मंजुरी मागितली जाते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही महिन्याची मर्यादा ठरवून देता, जास्तीत जास्त १५ हजार, एका वेळी ५ हजारांपर्यंत. आईच्या स्वतःच्या खात्याला हात लागत नाही. फक्त मंजुरीचा प्रकार निवडताना विचार करा. तुम्ही लोकलमध्ये असताना ती बाजारात दुकानदारासमोर ताटकळत उभी राहील, आणि तिला ते आवडणार नाही.

३. फोन साफ करा आणि कुलूप लावा

अक्षरं मोठी करा. मेसेज नीट वाचता येत नाही म्हणूनच लोक ‘ओके’ दाबत सुटतात. भाषा मराठी करून बघा, पण आईला इंग्रजी चिन्हांची सवय झाली असेल तर जबरदस्ती नको. ज्या सेटिंगची तिला भीती वाटते ते सेटिंग ती वापरणार नाही.

मग क्रमाने:

स्क्रीनला पिन किंवा बोटाचा ठसा लावा. जन्मसाल आणि १२३४ नको. पिन फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहिलेला असतो, तो काढून टाका.

फोनचं आणि अ‍ॅपचं अपडेट करून घ्या. यासाठी डेटा लागतो, तेव्हा वाय-फाय असलेल्या घरी बसा.

नको असलेली अ‍ॅप काढा. झटपट कर्ज, लॉटरी, रमी, ‘फोन साफ करणारी’, टॉर्चची. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट यांसारखी दुसऱ्याला तुमची स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप सापडली तर थांबा आणि शांतपणे विचारा, ‘हे कोणी टाकायला सांगितलं?’ असं अ‍ॅप आपोआप येत नाही.

सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘अननोन अ‍ॅप्स’ शोधा. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर अशा ज्या ज्या अ‍ॅपसमोर परवानगी चालू असेल ती बंद करा. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू आहे ना बघा. या दोन गोष्टींमुळे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं घातक अ‍ॅप एका बोटाने आत शिरत नाही.

‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या सेटिंगमध्येही डोकवा. तिथे अनोळखी अ‍ॅपला परवानगी दिलेली असेल तर ते अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि स्वतः बटणंही दाबू शकतं. ते लगेच काढा.

शेवटी फोनच्या डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक दिसेल, तो वहीत लिहून ठेवा. फोन बाजारात किंवा एसटीत हरवला तर पोलिसात तक्रार केल्यावर ‘संचार साथी’वरून तो बंद करता येतो, आणि तिथे हा नंबर मागतात.

४. व्हॉट्सअ‍ॅप

गावात व्हॉट्सअ‍ॅप म्हणजेच इंटरनेट, म्हणून याला वेगळा वेळ द्या.

‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा आकडी पिन लावा आणि ईमेल तुमचा द्या. हे नसेल तर एक ओटीपी सांगितला की खातं दुसऱ्याच्या हातात जातं आणि आईच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना ‘अर्जंट दहा हजार पाठव’ असे मेसेज जातात. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर बाहेर काढा. प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं ते ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणारे ग्रुप इथूनच सुरू होतात. तिथेच ‘कॉल्स’मध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय आहे, तीही चालू करा. त्याने व्हिडिओ कॉलवरचे खोटे पोलीस बरेचसे दारातच अडतात. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं आपोआप डाउनलोड होणं बंद करा.

एक इशारा आईला वहीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या: फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब आणि ए-पी-के ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर उघडायची नाही. पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी अशा नावांनी ही फाइल येते. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती कधीच इन्स्टॉल करावी लागत नाही. आणि भावाच्या नंबरवरून आली याचा अर्थ बहुधा भावाचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलाय. त्याला साधा फोन करून कळवा.

५. यूपीआयचा सराव: पैसे येताना पिन लागत नाही

समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवा. तुमच्या फोनवरून आईला दहा रुपये पाठवा. ‘बघ, पैसे आले. तू काही दाबलंस? पिन टाकलास?’ मग तिच्या फोनवरून तुम्हाला दहा रुपये पाठवायला लावा. आता पिन विचारला. चार-पाच वेळा असं करा. पैसे येताना पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कसलीही परवानगी द्यावी लागत नाही, हे हाताला कळलं पाहिजे.

नंतर दुकानात न्या. कोड स्कॅन केल्यावर वर नाव येतं, ते मोठ्याने वाचायला लावा. नाव जुळत नसेल तर दुकानदाराला विचारायचं, यात लाज नाही. शिल्लक बघण्यासाठीही पिन लागतो. त्यामुळे ‘पिन टाकलास म्हणजे पैसे गेले’ असं अर्धवट सांगू नका, नाहीतर ती शिल्लकच बघणार नाही. शिल्लक ही तिने स्वतः अ‍ॅप उघडून बघायची गोष्ट आहे. कोणी फोनवर सांगतंय म्हणून पिन टाकायचा नाही.

आंबे विकणाऱ्यांनी आणि होमस्टे चालवणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. तारकर्लीत खोली हवी आहे किंवा दहा पेट्या हापूस हवा आहे, ‘मी लष्करात अधिकारी आहे’ असं सांगून फोन येतो. ओळखपत्राचा फोटोही येतो. मग आगाऊ पैसे पाठवण्याच्या नावाखाली एक कोड येतो: ‘हा स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील.’ दुसरी चाल अशी, की पाच हजारांऐवजी पन्नास हजार आल्याचा खोटा मेसेज पाठवतात आणि ‘चुकून जास्त गेले, परत करा’ म्हणून रडतात. मेसेजवर विश्वास नको. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात जमा दिसल्याशिवाय ना पेटी पाठवायची, ना पैसे परत करायचे.

६. आधारचा अंगठा

आधारवर अंगठा देऊन पैसे काढण्याची सोय गावात फार उपयोगाची आहे. पण अंगठ्याचा ठसा कुठून तरी उचलून, त्याची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार झालेत, आणि यात ओटीपी लागत नाही. उपाय म्हणजे आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करणं. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, बस.

पण थांबा. लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा चालणार नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा किंवा बोट दाखवलं तरी नाकारलं जाईल (यंत्रावर ३३० हा आकडा दिसतो). तेवढ्यापुरतं अ‍ॅपमधून उघडता येतं, पण त्यालाही ओटीपी, म्हणजे रेंज आणि थोडी सवय लागते. घरात हे करणारं कोणी नसेल तर लॉकच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी शाखेत लेखी अर्ज देऊन खात्यावरची आधारने पैसे काढण्याची सोय बंद करून घ्या. अनेक बँका ती बंद करून देतात. रेशन सुरळीत चालतं आणि खातंही वाचतं. आधारची झेरॉक्स मागतील तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या, ते आधारच्याच संकेतस्थळावरून मिळतं. आधारची मदतवाहिनी १९४७.

७. फोनवर काय बोलायचं ते ठरवून ठेवा

आपली जुनी माणसं फोन आपटत नाहीत. समोरचा ‘साहेब’ म्हणून बोलला तर ती ऐकून घेतात, उत्तर देतात. या सभ्यतेवरच सगळा धंदा चालतो. म्हणून ‘सरळ कट कर’ हा सल्ला कामाचा नाही. त्यांना सभ्यपणे बाहेर पडण्याचं एक वाक्य द्या, त्यांच्याच बोलीत: ‘झिलाक विचारल्याशिवाय मी काय करूचंय नाय.’ (झील म्हणजे मुलगा.) बोलून बघायला लावा. तुम्ही खोटा बँकवाला व्हा, घाई करा, आवाज चढवा, ‘आत्ताच्या आत्ता’ म्हणा. दोन-तीनदा केलं की वाक्य तोंडात बसतं.

नियम एकच: पैसे, पिन, ओटीपी, आधार किंवा अटक यांतला एकही शब्द आला की ते वाक्य, फोन खाली, आणि मग वहीतल्या नंबरावर आपण फोन करायचा. आलेल्या नंबरावर परत नाही, गूगलवर शोधलेल्या कस्टमर केअरवर तर मुळीच नाही, कारण तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

वहीच्या पहिल्या पानावर लिहा: तुमचा नंबर, तुमचा लागला नाही तर दुसऱ्या भावंडाचा, वाडीतल्या एका भरवशाच्या माणसाचा, बँकेच्या शाखेचा (पासबुकावरून घेतलेला), कार्ड बंद करण्याचा (कार्डाच्या मागे असतो), १९३० आणि ११२. ही वही फोनजवळच टांगलेली हवी.

तुमच्या आवाजातही फोन येऊ शकतो. आवाजाची नक्कल आता सहज होते. ‘आई, अपघात झालाय, या नंबरावर पैसे पाठव.’ यासाठी घरातला एक शब्द ठरवा. जुन्या बैलाचं नाव, आजोळच्या विहिरीचं नाव, बाहेरच्याला माहीत नसेल असं काहीही. तो शब्द सांगितल्याशिवाय पैसे नाहीत, अगदी तुम्हालाही नाहीत.

८. आपल्या भागात चालणारे सापळे

सगळे लिहीत नाही. गावच्या परिस्थितीत खरे वाटतात असे सांगतो.

*वीज तोडणार.* ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.’ पावसाळ्यात वीज जातच असते, म्हणून हा मेसेज खरा वाटतो. महावितरणचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी एमएसईडीसीएल ही इंग्रजी अक्षरं असतात, आणि त्यात कुणा अधिकाऱ्याचा खाजगी नंबर नसतो. शंका असली तर १९१२ वर विचारा.

*डिजिटल अटक.* पोलीस, सीबीआय, कस्टम किंवा न्यायालयाच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो. तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, ‘तपासासाठी’ पैसे सरकारी खात्यात ठेवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. भारतीय कायद्यात डिजिटल अटक अशी गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. ओळखायची खूण: ‘कोणाला सांगू नका’. खरे पोलीस घरच्यांना सांगू नका असं म्हणत नाहीत. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, सरकारी नोकर यांना हे नीट समजावा. आयुष्यभर कायदा पाळलेला माणूस कायद्याच्या नावाला जास्त घाबरतो.

*हयातीचा दाखला.* नोव्हेंबर जवळ आला की ‘दाखला अपडेट करा, नाहीतर पेन्शन थांबेल’ असे फोन. त्यांच्याकडे तुमची निवृत्तीची तारीखही असू शकते, त्यावरून फसू नका. दाखला बँकेत, जीवन प्रमाण अ‍ॅपवर, किंवा पोस्टमनला घरी बोलावून ७० रुपयांत देता येतो. फोनवरून ओटीपी सांगून दाखला होत नाही.

*सरकारी योजना.* लाडकी बहीण, पीएम किसान यांच्या केवायसीच्या लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. लिंकवर न जाता ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रात जा.

*बँकेचं केवायसी.* फक्त शाखेत. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात. तसा नसेल तर माहिती भरू नका.

*अचानक गेलेलं नेटवर्क.* पावसात टॉवर बंद पडणं नेहमीचं. पण शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे आणि फक्त आपलंच सिम मेलंय, तर कोणीतरी आपल्या नावावर दुसरं सिम काढलेलं असू शकतं. शेजाऱ्याच्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. ‘वादळामुळे असेल, उद्या येईल’ म्हणून रात्र घालवू नका.

९. पैसे गेले तर

आधी ओरडू नका. ‘तुला सांगितलं होतं ना’ हे वाक्य आज नको, नंतरही नको. लाजेपोटी तीन दिवस गप्प बसल्यामुळे जेवढे पैसे जातात तेवढे एका चुकीने जात नाहीत.

क्रम असा:

अ. ताबडतोब १९३० वर फोन. गेलेले पैसे चोर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. तक्रार लवकर गेली तर मधल्या खात्यात ते रोखून धरता येतात. लाइन लागेना तर लावत राहा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरावी. हे काम तुम्ही मुंबईतूनही करू शकता. हाताशी हवं: बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक, चोराचा फोन नंबर.

आ. बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद. फोनमध्ये अनोळखी अ‍ॅप गेलं असेल तर आधी डेटा आणि वाय-फाय बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि बाकीचे कॉल दुसऱ्या फोनवरून करा.

इ. काहीही डिलीट करू नका. मेसेज, कॉलची यादी, चॅट, सगळ्यांचे स्क्रीनशॉट. घाबरून चॅट पुसून टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे.

ई. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी तक्रार, पोचेचा शिक्का घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून मधल्या कुठल्या तरी यंत्रणेतली असेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही. चार ते सात दिवस लागले तर थोडा भार येतो. ग्राहकाने स्वतः पिन-ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, पण कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेची जबाबदारी. म्हणून तक्रारीची वेळ लिहून घेणं एवढं महत्त्वाचं.

उ. पोलीस ठाणं. तालुक्याचं ठाणं लांब असलं तरी जवळच्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. १९३० वर मिळालेला पोच क्रमांक सोबत न्या.

ऊ. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. चौकशीचा नंबर १४४४८.

पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, तरी ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’मध्ये त्याची नोंद करा. आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना फसवणुकीनंतर कोणाशी बोलावंसं वाटलं, आधार हवा असला, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

१०. त्यानंतरचे काही महिने

एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुढे विकला जातो. दोन-तीन आठवड्यांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला फी भरा’ असा फोन येतो. कधी वकील म्हणून, कधी रिझर्व्ह बँक म्हणून. हा दुसरा घाव बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठा बसतो, कारण गेलेलं परत मिळण्याची आशा माणसाला आंधळं करते. रोखून धरलेले पैसे परत मिळतात ते पोलीस आणि न्यायालयाच्या आदेशाने, बँकेमार्फत. त्यासाठी कोणालाही यूपीआयने फी द्यावी लागत नाही. हे आईला तक्रार केलेल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि अशा वेळी कोणालाही ‘हो’ म्हणण्याआधी तक्रार नोंदवलेल्या ठाण्यात जाऊन विचारायला सांगा.

फोनचा नंबर शक्यतो बदलू नका. बँक, आधार, पेन्शन, गॅस सगळीकडे तो बदलावा लागतो आणि त्या गडबडीत नवी भोकं पडतात. सगळे पिन आणि व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिन मात्र नवे करा. घातक अ‍ॅप शिरलं होतं अशी शंका असेल तर फोटो दुसरीकडे काढून घेऊन फोन पूर्ण रीसेट करून घ्या. हे काम तुम्ही स्वतः करा. तुम्हाला यायला वेळ असेल तर तोवर त्या फोनमधून सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. बाजारातल्या दुकानात दिलात तर समोर बसून करून घ्या.

पुढच्या वेळी गावी गेलात की पायरी १, ३ आणि ४ पुन्हा तपासा: जोडलेले नंबर, नवीन आलेली अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅपची जोडलेली उपकरणं. अर्धा तास पुरतो. वहीतलं पहिलं पान फाटलं असेल तर नवीन लिहून द्या.